डाव्या हातातली हातोडी

देवासच्या आधी देवासची टेकडी येते. इंदूरहून निघालेल्या बसमध्ये शेजारच्या बाईंनी अचानक हात जोडले, तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिले. सपाट माळव्यात तेवढाच एक उंचवटा होता. त्यावर दोन देव्यांची देवळे, आणि पायथ्यापर्यंत पिवळी पडू लागलेली सोयाबीनची शेते. भाद्रपदाचा दुसरा पंधरवडा होता. गावात शिरताना काही घरांच्या भिंतींवर शेणाने काढलेल्या आणि फुलांनी सजवलेल्या आकृती दिसल्या. ती सांझी (पितृपक्षात मुली रोज संध्याकाळी भिंतीवर मांडतात तो खेळ). बऱ्याच घरांनी बाजारातली छापील कागदी सांझी चिकटवून काम भागवले होते.

पुण्याहून मी निघाले ती एका जुन्या खूनमालिकेच्या जागा पाहण्यासाठी. पन्नासेक वर्षांपूर्वी धार जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात चांदीचे दागिने विकणारे व्यापारी एकामागून एक मारले गेले. हे लोक आठवडी हाटांतून फिरत. प्रत्येक वेळी हाटाचा दिवस होता, परतीची पायवाट होती आणि चांदीची पेटी नाहीशी झालेली होती. काही माणसे पकडली गेली आणि सुटली. शिक्षा कोणालाच झाली नाही. मारेकरी सापडेनात, तेव्हा लोकांनी ‘कंपनी’ शोधून काढली. या सगळ्यामागे एक मोठी टोळी आहे, तिची माणसे पोलिसांत आहेत, बाजारात आहेत, सरकारी कचेऱ्यांत आहेत, असे तेव्हा बोलले गेले. अजूनही बोलले जाते.

माझा मुक्काम नलिनीताईंकडे होता. या निवृत्त शिक्षिका. त्यांचे पणजोबा धाकट्या पातीच्या (देवासच्या दोन संस्थानांपैकी एकाच्या) दरबारात कारकून होते. घर आता काँक्रीटचे आहे, भाषा मात्र पणजोबांच्या वेळची. “यावं. प्रवास सुखरूप झाला ना? अगोदर हातपाय धुवावेत, मग बोलू,” असे त्यांनी दारातच सांगितले. स्वयंपाकघरातून भुट्ट्याच्या किसाचा (कोवळे मक्याचे कणीस किसून दुधात शिजवतात तो पदार्थ) वास येत होता. त्यातली मिरची मला पहिल्या घासाला समजली नाही, दुसऱ्याला समजली. ताईंनी साखरेचा डबा पुढे केला.

बोलणे जेवणानंतर झाले. नलिनीताईंचे वडील वजनमापांचे निरीक्षक होते. घरात त्यांना दादा म्हणत. हाटांतून फिरून व्यापाऱ्यांचे काटे आणि वजने तपासायची, बरोबर असतील त्यांवर हातोडीने शिक्का ठोकायचा आणि खोटी असतील ती जप्त करायची, हे त्यांचे काम. नेमणूक धारला होती, कुटुंब देवासला. चांदीवाल्यांचे खून चालू असतानाच एका हाटाच्या दिवशी दादा नाहीसे झाले. पुढे त्यांची सरकारी पितळी वजनांची पेटी खातेगावच्या एका भांडीवाल्याकडे सापडली. खातेगाव देवास जिल्ह्याच्या पूर्व टोकाला आहे, हाटांच्या नेमके उलट दिशेला. त्यावरून लोकांनी निष्कर्ष काढला की निरीक्षक कंपनीचाच माणूस होता. कोणाकडे किती चांदी आहे हे तोच मोजायचा, तोच कळवायचा, आणि आपला वाटा घेऊन तो पेटी विकून पळाला.

“आई गेल्या वर्षी गेली,” नलिनीताई म्हणाल्या. “शेवटपर्यंत कुंकू लावीत होती. गुरुजींनी किती वेळा सांगितलं, बेपत्ता माणसाचाही विधी असतो. तिनं करू दिला नाही. आता ती नाही. दादांचं श्राद्ध व्हावं, आणि ते घात चतुर्दशीला व्हावं, एवढंच माझं मागणं आहे.”

घात चतुर्दशी म्हणजे पितृपक्षातली चतुर्दशी. शस्त्राने किंवा घातपाताने गेलेल्यांसाठी राखलेली तिथी. त्या दिवशी श्राद्ध करणे म्हणजे दादा पळाले नाहीत, मारले गेले, असे घराने मान्य करणे. पण श्राद्ध मुलाने करायचे, आणि मुलगा तयार नव्हता.

मुलगा म्हणजे नलिनीताईंचे धाकटे भाऊ अनंत. गाव त्यांना अंतूभिया म्हणते. टेकडीच्या रस्त्याला त्यांचे तसबिरी मढवण्याचे दुकान आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलबी खाऊन मी तिथे गेले. पितृपक्ष असल्यामुळे काम भरपूर होते. गिऱ्हाइके वडिलांचे, आजोबांचे जुने फोटो मोठे करून आणत होती. अंतूभिया साठीच्या घरात आले असावेत. काच कापण्याचा हिरा त्यांनी डाव्या हातात धरला होता आणि एका ओढीत काच सरळ कापली जात होती.

“दादांवर गेलाय,” माझ्याबरोबर आलेल्या नलिनीताई म्हणाल्या. “तेही डावखुरे.”

अंतूभियांचा हात थांबला. “जीजी, गिऱ्हाइकांसमोर नको ना.”

चहा सांगायच्या निमित्ताने बहीण बाहेर गेल्यावर ते माझ्याशी बोलले. त्यांचे मराठी मधूनमधून हिंदीत शिरत होते आणि पुन्हा परतत होते. शाळेत त्यांना ‘मुखबिर का छोरा’ (खबऱ्याचा पोर) म्हणत. लग्न ठरताना एका घराने याच कारणाने नकार दिला. वडिलांचा उल्लेख ते ‘इन्स्पेक्टर साहेब’ असा करत होते. नाव त्यांनी एकदाही घेतले नाही.

“तुम्ही लिहिणार, ते छापणार, ते ठीक आहे,” ते म्हणाले. “मला तर मराठी धड वाचताही येत नाही. जीजीनं साऱ्या गावाला शिकवली, घरचा राहून गेला. पण एक सांगा ताई. माणूस आम्हाला सोडून गेला असेल, तर त्याला मी पाणी का द्यावं? आणि मेला असेल, तर कुठं? बताओ ना, कुठं?”

मी धारला जाणार आहे, काही समजले तर येऊन सांगेन, असे म्हणाले. दुकानाच्या भिंतीवर शेकडो चेहरे होते. त्यांत दादांचा नव्हता.

धारला मी उतरले तेव्हा मुंज तलावाच्या काठावर कपडे वाळत होते आणि किल्ल्याच्या लाल भिंतीवर ऊन होते. इथे मला अण्णा वकिलांना भेटायचे होते. त्यांचे घराणे पवारांच्या दरबारातले, स्वतः अण्णा नव्वदीकडे झुकलेले. खुनांच्या खटल्यात पकडलेल्या एका माणसाचे वकीलपत्र त्यांच्या वरिष्ठांकडे होते, आणि अण्णा तेव्हा त्यांच्या हाताखाली होते. तो माणूस सुटला. “सुटायलाच हवा होता. पायाने अधू, आणि म्हणे डोंगरातून पेटी घेऊन पळाला,” अण्णा म्हणाले.

कंपनीबद्दल मी विचारले. मंदसोरकडची अफू आणि हाटांतली चांदी एकाच वाटेने मुंबईला जात होती, असे तेव्हा पोलीस सांगत. पुरावा त्यांनी कधी आणला नाही. “कंपनी सगळ्यांच्या सोयीची,” अण्णा म्हणाले. “तिला पत्ता नसतो. समन्स बजावता येत नाही. तपास संपला म्हणायला त्याहून उत्तम आरोपी मिळायचा नाही.”

निरीक्षक पळाला यावर त्यांचाही विश्वास होता. निदान तोवर होता. पण मी निघताना त्यांनी थांबवले. त्या हंगामात आणखी एक प्रेत सापडले होते, हे त्यांना आठवले. गंधवानीच्या बाजूला, ओढ्यात. पंचनाम्यात ‘अनोळखी फिरता लोहार’ असे लिहिले गेले, कारण अंगावर गावठी धोतर होते आणि कमरेला हातोडी. त्या वस्तीने त्याचा दगड बसवल्याचे अण्णांनी पुढे ऐकले होते. खटल्यात ते प्रेत आलेच नाही.

“का नाही आलं?”

“चांदीवाला नव्हता ना. मोजायचे ते चांदीवाले मोजले.” मग स्वतःच पुढे म्हणाले, “आता वाटतं, फिरते लोहार गाडी आणि कुटुंबकबिला घेऊन हिंडतात. एकटा लोहार मी तरी पाहिला नाही. तेव्हा हे सुचायला हवं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मनावर गावाला जाणारी बस पकडली. विंध्याचा घाट उतरला की हवा बदलते. माळव्याची थंड झुळूक वर राहते आणि खाली निमाडचे ऊन सुरू होते. सोयाबीनची जागा कापूस आणि मिरची घेते. घाटात बस बंद पडली. ड्रायव्हर खाली उतरून गाडीखाली गेला आणि प्रवासी आपसूक सावलीला बसले. एका म्हाताऱ्याने मला निम्मी काकडी दिली. कुठे चालले आहे हे विचारले, आणि चांदीवाल्यांचे खून म्हणताच त्याने आपली माहिती दिली. कंपनीचा मुख्य माणूस विमानाने यायचा. इंदूरला उतरून मोटारीने यायचा, एवढे म्हणून त्याने बसखालच्या ड्रायव्हरकडे पाहिले. “अपनी बस से आता तो पकड़ा जाता.” सावलीतले सगळे हसले.

मनावरला जेवून, एका टेम्पोने मी गंधवानीला पोचले. हाटाचाच दिवस होता. चांदीचे दुकानदार आजही ओळीने बसतात. जाड कडी, हातात न मावणारे कमरपट्टे, आणि आता शेजारी चांदीच्या रंगाचे स्वस्त धातूचे दागिने. काटे इलेक्ट्रॉनिक झाले आहेत. एका दुकानदाराने जुन्या खुनांविषयी बोलायला नकार दिला. दुसरा म्हणाला की त्याचे आजोबा त्यानंतर कधी एकटे परतले नाहीत, सगळे चांदीवाले एकाच ट्रकमधून येत. ओढ्याजवळच्या दगडाविषयी विचारले तेव्हा मात्र भाजी विकणाऱ्या बायकांनीही दिशा दाखवली. “पावणा बाबा? वो भुवान के खेत में है.”

भुवान हाटातच भेटला. पन्नाशीच्या आतला शेतकरी, मिरची विकून मोकळा झालेला. त्याच्या मोटारसायकलवरून आम्ही त्याच्या फळियात (आदिवासी वस्तीत) गेलो. शेवटचा टप्पा पायी होता. काळ्या चिखलाने माझी एक चप्पल घेतली ती परत दिली नाही. दुसरी मी हातात घेतली आणि अनवाणी चालले.

शेताच्या बांधाला, महुव्याच्या झाडाखाली तीन दगड उभे होते. यांना गाता म्हणतात. जो माणूस नैसर्गिक मरण पावला नाही, झाडावरून पडला, बुडाला, मारला गेला, त्याच्यासाठी भील कुटुंबे असा दगड घडवून बसवतात. त्यावर बहुधा घोडेस्वार कोरतात, मग माणूस आयुष्यात घोड्यावर बसला असो वा नसो. आणि त्याच्या हातात त्याची वस्तू देतात. बाजूच्या एका दगडावर मोटारसायकल होती आणि रंगाने लिहिलेले नाव, ‘केरम’. तो भुवानचा चुलतभाऊ, रस्त्यावर अपघातात गेलेला. मधला दगड जुना होता. निळा घोडा, पिवळा स्वार. नाव नव्हते. स्वाराच्या हातात हातोडी होती. डाव्या हातात.

भुवानची आई थावरीबाई काठी टेकत आली. ती भिलीत बोलायची आणि भुवान हिंदीत सांगायचा, पण थोड्या वेळाने तीच हिंदीत बोलू लागली. तिचे लग्न होऊन ती नुकतीच या घरात आली होती, तेव्हाची ही गोष्ट. हाटाच्या दिवशी दुपारी मोठा पाऊस आला. एक माणूस भिजून दाराशी आला, हातात पेटी. सासऱ्याने त्याला आत घेतले, कोरडे धोतर दिले. त्याने ओले कपडे पेटीत कोंबले. घरात उडदाची डाळ होती आणि पानिये (खाकऱ्याच्या म्हणजे पळसाच्या पानांत गुंडाळून शेणीच्या विस्तवावर भाजलेली मक्याची भाकरी). तो पोटभर जेवला. जेवल्यावर त्याची नजर धान्याच्या कोठीच्या दारावर गेली. ते निखळले होते. त्याने पेटीतून हातोडी काढली आणि खिळे ठोकून दार बसवून दिले. पाऊस थांबला तशी बस गाठायची म्हणून तो निघाला. हातोडी कमरेला तशीच राहिली.

“हम बोले, लोहार है,” थावरीबाई म्हणाली. “और क्या बोलते? पेटी में क्या था, हमने देखा नहीं.”

सकाळी गुरे घेऊन गेलेल्यांना तो ओढ्यात सापडला. पेटी नव्हती. पोलीस आले तेव्हा वस्तीतले पुरुष डोंगरात गेले होते, पोलीस आले की जात तसे. सासरा तेवढा घरी होता. त्याला बरेच दिवस ठाण्यात ठेवले. धोतर त्याचे होते हे त्याने सांगितले नाही, माणूस घरी जेवून गेला हेही नाही. लोहार असेल, एवढे बोलला.

“पूरी बात क्यों नहीं बताई?” मी विचारले.

“बताते तो ससुर वापस नहीं आता,” ती म्हणाली. तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही.

पुढे गुरे मरू लागली, तेव्हा बडव्याने (भिलांच्या पुजाऱ्याने) सांगितले की वाटेत मारला गेलेला माणूस बसायला जागा मागतो आहे. त्याचे कोणी नव्हते. मग शेवटचे अन्न ज्या घरचे, त्या घराने गाता बसवायचा असे ठरले. तेव्हापासून दर वर्षी नवे पीक आले की महुव्याच्या दारूची पहिली धार त्याला, पहिला घास त्याला.

मी हातोडी डाव्या हातात का, असे विचारले. थावरीबाईला हा प्रश्नच विचित्र वाटला. तो त्याच हाताने ठोकत होता. सासऱ्याने घडवणाऱ्याला मुद्दाम सांगितले होते. आणि खरी हातोडी? ती पोलिसांनी नेली नाही, कमरेची काढून ओढ्याच्या काठावर टाकून गेले. ती गात्याखाली त्याच्यापाशीच पुरली आहे.

त्या हातोडीच्या दांड्यावर सरकारी खूण असेल तर सगळे एका क्षणात सिद्ध होणार होते. मी विचारले, ती काढून पाहता येईल का. भुवानने आईकडे पाहिले. थावरीबाईने नकारार्थी मान हलवली. बसवलेल्याला उठवत नाहीत. मी पुन्हा विचारले नाही.

निघताना तिने माझा हात धरला. “उसका नाम क्या था?”

मला नाव माहीत होते, पण मी सांगितले नाही. डाव्या हाताने हातोडी मारणारी माणसे जगात पुष्कळ असतात, आणि खात्री नसताना मेलेल्याचे नाव सांगायचे नाही हा माझ्या धंद्याचा पहिला नियम. विचारून सांगते, एवढेच म्हणाले. तिला ते पुरले नाही हे दिसत होते. मग ती म्हणाली, “उसके घर का कोई मिले तो बोलना, भूखा नहीं गया.”

भुवानने मला गात्याचे फोटो काढून दिले, कारण माझे पाय चिखलात होते आणि हात चपलेत. आपला फोन नंबरही दिला.

देवासला परतले तेव्हा अंतूभिया दुकान उघडत होते. नलिनीताईंना मी आधीच बोलावून घेतले होते. धार, अण्णा, ओढा, धोतर, कोठीचे दार, सगळे क्रमाने सांगितले. अंतूभिया ऐकत होते आणि काचा पुसत होते. शेवटी मी फोन पुढे केला. त्यांनी तो घेतला, फोटो मोठा केला आणि धंद्यातल्या माणसाने विचारावे तसे विचारले, “फोटो उलटा तर नाही? निगेटिव उलटी लागली की डावा उजवा होतो. पुढच्या कॅमेऱ्यात पण होतं तसं. रोजचं आहे आमचं.”

मी बाजूच्या दगडाकडे बोट दाखवले. त्यावरचे ‘केरम’ सरळ वाचता येत होते.

अंतूभियांनी ते अक्षर अक्षर वाचले. मग पुन्हा मधला दगड पाहिला. नलिनीताई पदराचे टोक हातात धरून उभ्या होत्या.

“लहानपणी आजीनं त्यांचा हात बांधून ठेवला होता,” अंतूभिया म्हणाले. “उजव्यानं लिहावं म्हणून. माझा बांधायला आली तेव्हा त्यांनी बांधू दिला नाही. मला आठवतं ते.” मग त्यांनी विचारले, “धोतर दुसऱ्याचं होतं?”

“हो. त्यांचे कपडे भिजले होते.”

“आणि जेवून गेले?”

“डाळ आणि पानिये. पोटभर. घरच्यांना कळवायला सांगितलंय.”

त्यांनी फोन परत दिला आणि काच कापायचा हिरा उचलून पुन्हा खाली ठेवला. “जीजी, गुरुजींना विचार, चौदसपर्यंत सगळं होईल का.”

दिवस जेमतेम पुरणार होते. शरीर मिळाले नाही अशा माणसासाठी आधी पालाशविधी करतात, पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी देतात. तो क्षिप्रेच्या काठी झाला. मी लांब उभी होते. गुरुजी पाने मांडत होते तेव्हा मला थावरीबाईच्या घरची भाकरी आठवली, पण ते कोणाला सांगण्याची ती वेळ नव्हती.

चतुर्दशीला नलिनीताईंच्या घरी पाने मांडली गेली. खीर, वडे, आमसुलाची चटणी, गवारीची भाजी. अंतूभिया स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, एका पानावर मक्याची भाकरी हवी. श्राद्धात मका चालत नाही, असे नलिनीताई म्हणाल्या. त्यांनी आयुष्यभर असे नियम पाळले आहेत. अंतूभियांनी वाद घातला नाही, नुसते उभे राहिले. थोड्या वेळाने ताईंनीच परातीत पीठ काढले. मात्र ती भाकरी पिंडांपाशी नको, वेगळ्या पानावर, असे त्यांनी बजावले. मग हात धुताना पुटपुटल्या, “पळसाचं पान कुठं मिळेल आता?” अंतूभियांनी पिशवीतून काढून दिले. ते त्यांनी घाटावरूनच आणून ठेवले होते.

तर्पण सुरू झाले. पाणी सोडताना अंतूभियांचा डावा हात दर वेळी आधी पुढे येत होता आणि गुरुजी शांतपणे म्हणत होते, “उजवा.” मग गुरुजींनी वडिलांचे नाव आणि गोत्र म्हणायला सांगितले. गुरुजींना वाटले अंतूभियांना ऐकू आले नाही. त्यांनी पुन्हा सांगितले.

“वामन,” अंतूभिया म्हणाले. खाकरून त्यांनी ते पुन्हा म्हटले, नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

जेवणे झाल्यावर त्यांनी माझ्याकडे भुवानचा नंबर मागितला. ओसरीत उभे राहून फोन लावला. तिकडे आवाज येत नसावा, कारण त्यांना मोठ्याने बोलावे लागले. मी देवासहून बोलतो आहे, ज्याचा दगड तुमच्या शेतात आहे त्याचा मुलगा आहे, असे त्यांनी सांगितले. मग बराच वेळ ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “हाँ भिया, नाम लिखवाना है. वामन. नहीं, आगे कुछ नहीं, साहब वाहब कुछ नहीं. अम्मा को बोलना, मैं आऊँगा. दिवाली के बाद. खाना वहीं खाऊँगा.”

दुसऱ्या दिवशी मी निघाले. नलिनीताईंनी दारात दही-साखर हातावर ठेवली आणि अंतूभियांनी इंदूरच्या बसपर्यंत सोडले. बस सुटल्यावर टेकडी बराच वेळ मागे दिसत राहिली.

बातमीदाराच्या हिशेबाने हा प्रवास अपुरा आहे. चांदीवाल्यांना कोणी मारले हे मला सांगता येत नाही. कंपनी होती की नव्हती, हेही नाही. वामनरावांना चांदीच्या पेटीसाठी चुकून मारले, की खोटी वजने पकडली म्हणून मारले, आणि पेटी खातेगावला कोणी नेली, यातले काहीच सिद्ध होणार नाही. धारच्या कागदांत ते अजूनही अनोळखी लोहार आहेत, आणि देवासच्या बाजारात काही लोकांच्या लेखी अजूनही पळालेले निरीक्षक. अण्णा वकिलांनी दुरुस्तीसाठी अर्ज लिहून ठेवला आहे. तो कोणाला द्यायचा, हे त्यांना अजून कोणी सांगितलेले नाही.

दिवाळीनंतर अंतूभियांनी एक फोटो पाठवला. गात्याला नवा रंग दिला होता. घोडा या वेळी लाल होता. खाली पांढऱ्या अक्षरांत नाव होते. दगडापुढे दोन पाने मांडलेली होती आणि त्यांतल्या एकाशी अंतूभिया मांडी घालून बसले होते, घास डाव्या हातात.